तारायानावरची सिस्टर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातले जे लेखक विज्ञानकथेत नर्सला मुख्य पात्र करू पाहतात आणि नर्सिंग शिकणारे जे विद्यार्थी अशा कथा वाचून "हे खरंच असं होईल का?" म्हणून विचारतात, त्या दोघांसाठी हे पान आहे. तारायान, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याकडे निघालेलं यान, कल्पनेतलं असलं तरी माणसाचं शरीर, सलाईन आणि सुई कल्पनेतली नाहीत. त्यामुळे जिथे विज्ञान ठाऊक आहे तिथे ते जसंच्या तसं दिलं आहे. जिथे लेखकाला मोकळीक आहे तिथे तसं म्हटलं आहे.

यानावर डॉक्टर असतो, संगणक असतो. मग नर्स लागतेच कशाला?

आजच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर स्वतंत्र नर्स नाही आणि बहुतेक वेळा डॉक्टरही नसतो. अंतराळवीरांपैकीच कुणाला तरी साधारण ४० तासांचं वैद्यकीय प्रशिक्षण देऊन ती जबाबदारी सोपवतात. तेवढ्यावर भागतं, कारण जमिनीवरचे डॉक्टर तत्काळ बोलू शकतात आणि वेळ पडलीच तर स्थानकाला जोडून ठेवलेल्या यानातून पेशंटला काही तासांत पृथ्वीवर आणता येतं.

तारायानाला या दोन्ही सोयी नाहीत. मंगळापर्यंतच निरोप पोचायला एका बाजूने ३ ते २२ मिनिटं लागतात. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षं दूर आहे. तिथून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर साडेआठ वर्षांनी येणार. निदान डॉक्टर करेल, ऑपरेशनही करेल. पण ऑपरेशननंतरचे तीन दिवस पेशंटजवळ कोण थांबणार? लघवी किती झाली, टाके ओले आहेत का, पेशंट अचानक गप्प का झाला, हे दर तासाला पाहणारं माणूस लागतं. यंत्र आकडे दाखवतं. पेशंटचा चेहरा "काहीतरी बिघडतंय" असं सांगतो, तो ओळखायला सवयीची नजर लागते.

आमची नायिका अंबाजोगाईची आहे. तिचं शिक्षण काय दाखवावं?

आजच्या वाटेवरूनच सुरुवात करा. बारावीनंतर जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी ही पदविका) तीन वर्षं किंवा बीएस्सी नर्सिंग चार वर्षं, त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. ही नोंदणी बहुतेक कथांत विसरली जाते. नोंदणी नसेल तर ती नर्स नाही, मग यान कितीही पुढचं असो. त्यानंतर पाच-सहा वर्षं आयसीयू आणि अपघात विभागात काढू द्या. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नांदेडला ज्यांनी अपघात विभागाच्या नाईट केल्या आहेत, त्यांना कमी माणसांत आणि कमी सामानात काम रेटायची सवय असते. तारायानाला नेमकी तीच सवय हवी.

अतिदक्षता नर्सिंगमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आपल्याकडे आहे. अंतराळ वैद्यकासाठी बंगळुरूला हवाई दलाची वैमानिकीय वैद्यक संस्था आहे. या दोन्हींना जोडणारा दुवा लेखकाने कल्पायचा आहे आणि तो कल्पायला सोपा आहे.

पदांची नावंही नीट वापरा. सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका, तिच्यावर परिसेविका, सगळ्यांवर अधिसेविका. बोलताना मात्र स्टाफ, इन्चार्ज सिस्टर आणि मेट्रन. पुरुष असेल तर ब्रदर. यानावर ब्रदर दाखवायला काहीच हरकत नाही. पंचेचाळिशीची इन्चार्ज सिस्टर तर जरूर दाखवा. सगळ्या कथांतल्या नर्स पंचविशीच्याच का असतात, हे आम्हाला कळत नाही.

वजनरहित अवस्थेत सलाईन चढतं का?

चढतं, पण स्टँडला बाटली टांगून नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा विस्ताराने.

वॉर्डात सलाईन उंचावर टांगतो, कारण वजनामुळे ते खाली येतं. वजन नसेल तर बाटली डोक्यावर धरा नाहीतर पायाशी, थेंबही हलणार नाही. ड्रिप चेंबरमध्ये, म्हणजे नळीवरच्या थेंब दिसणाऱ्या पारदर्शक कुपीत, थेंब पडत नाही, तो नळीच्या तोंडाशी गोळा होऊन चिकटून बसतो. म्हणजे थेंब मोजणं संपलं. २० थेंबांना १ मिली असा सेट असेल तर ५०० मिली चार तासांत द्यायला मिनिटाला साधारण ४२ थेंब, हा हिशेब प्रत्येक नर्सच्या डोक्यात पक्का असतो. तो यानावर निरुपयोगी ठरतो. तिथे एकतर ठरलेल्या वेगाने सलाईन ढकलणारा इन्फ्युजन पंप लागतो किंवा पिशवीभोवती प्रेशर बॅग गुंडाळून दाब द्यावा लागतो.

त्याहून मोठी अडचण हवेची. जमिनीवर पिशवीतली हवा वर राहते आणि नळीत पाणीच येतं. वजनरहित अवस्थेत हवा आणि पाणी वेगळं होत नाही, पिशवीभर बुडबुडे पसरतात आणि पंप ते सरळ शिरेत ढकलू शकतो. यावर तीन उपाय आहेत. पहिला, पिशवी भरतानाच तिच्यात हवा न ठेवणं. दुसरा, पिशवीचं नळीकडचं टोक बाहेरच्या बाजूला ठेवून ती हाताने गोल फिरवणं, म्हणजे जड पाणी बाहेर, नळीच्या तोंडाशी जातं आणि हवा आत, हाताकडे येते. तिसरा, नळीत हवा अडवणारी गाळणी लावणं. शहाणी सिस्टर तिन्ही करते.

इंजेक्शन भरतानाही तेच. सिरिंज उभी धरून टिचकी मारली की बुडबुडा वर जातो, ही सवय विसरावी लागते. सिरिंज मुठीत धरून हात झटकन गोल फिरवायचा, मग हवा बाहेर काढायची. काचेचे ॲम्प्यूल फोडायचे नाहीत. काचेचा बारीक चुरा तरंगत राहतो आणि कुणाच्या तरी डोळ्यात किंवा श्वासात जातो. यानावर औषध आधीच भरलेल्या सिरिंजमध्ये असावं.

व्हेन शोधायला हात बरे. शरीरातलं रक्त आणि पाणी वरच्या भागाकडे सरकलेलं असतं, पायाच्या शिरा रिकाम्या पडलेल्या असतात. सुई लावण्याआधी पेशंटला पट्ट्यांनी बांधा, आपले पाय यानाच्या तळावरच्या कड्यांत अडकवा. नाहीतर सुई टोचताना दोघं एकमेकांपासून दूर ढकलले जातात. कापूस, टोपण, चिकटपट्टीचा तुकडा, प्रत्येक वस्तू कुठेतरी चिकटवलेली हवी. वापरलेल्या सुईचा डबा एकतर्फी तोंडाचा हवा, आत गेलेली सुई परत बाहेर तरंगत येता कामा नये.

पहिल्या आठवड्यात पेशंट कशाचे येतात?

उलट्यांचे. पहिल्या दोन-तीन दिवसांत निम्म्याहून जास्त प्रवाशांना मळमळ होते. जास्त झालं तर प्रोमेथाझिन दंडात किंवा मांडीत देतात, गोळी पोटात टिकत नाही. त्यानंतर पाठदुखी, कारण मणक्यांमधलं अंतर वाढून उंची काही सेंटीमीटरने वाढते. मग बद्धकोष्ठ, नाक चोंदणं, झोप न लागणं.

लघवी अडकणं लेखकांच्या ध्यानात येत नाही. मूत्राशयात लघवी तळाशी साठत नसल्याने "लागली" ही जाणीव उशिरा होते. त्यात मळमळीच्या औषधाने लघवी आणखी अडू शकते. कॅथेटर (लघवीची नळी) टाकावा लागला तर तो टाकता येतो, पण युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, खाटेखाली लटकवून भरणार नाही. तिला खेचणारा हलका दाब हवा.

डोळ्यात कण जाण्याची तक्रार तर कायमची. ज्वारीची भाकरी यानावर न्यायचा मोह आवरा. वाळली की तिचा चुरा होतो आणि तो चुरा खाली पडत नाही. धपाटं तेल लावून मऊ ठेवलं तर चालेल.

जमिनीवर शिकलेली कोणती लक्षणं यानावर फसवतात?

पुष्कळ. मानेची शीर फुगलेली दिसली की जमिनीवर हृदयाची शंका येते. यानावर ती सगळ्यांचीच फुगते. सुजलेला चेहरा आणि बारीक झालेले पाय हे तिथलं नेहमीचं रूप. छातीत पाणी झालं तर ते तळाशी बसत नाही, त्यामुळे पाठीवर बोट वाजवून पातळी ठरवता येत नाही. पंख्यांच्या घरघरीत स्टेथोस्कोपने नीट ऐकूही येत नाही. म्हणून सोनोग्राफीचं छोटं यंत्र हा यानावरचा खरा स्टेथोस्कोप. नर्सला ते चालवता आलंच पाहिजे.

वजनकाट्यावर उभं राहून वजन होत नाही. स्प्रिंगच्या खुर्चीवर बसवून ती किती वेगाने मागेपुढे हलते यावरून वस्तुमान काढतात. आणि शरीरातला प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) आधीच दहा-पंधरा टक्के घटलेला असल्याने थोडा रक्तस्रावही पेशंटला लवकर गार करतो. बीपी पडायची वाट पाहू नका, नाडी वाढायला लागली की हालचाल करा.

मानेच्या शिरेचं एक उदाहरण मुद्दाम. अंतराळ स्थानकावरच्या एका अंतराळवीराच्या मानेच्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली, ती अभ्यासासाठी केलेल्या सोनोग्राफीत. त्याबद्दलचा लेख २०२० साली प्रसिद्ध झाला. स्थानकावर असलेलं एनॉक्सापॅरिन हे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन पुरवून पुरवून वापरलं आणि नंतर मालवाहू यानाने त्याच कामाच्या ॲपिक्सॅबॅनच्या गोळ्या पाठवल्या. कथा लिहिणाऱ्याने एवढाच विचार करावा : तारायानाच्या मागून मालवाहू यान येणार नाही.

हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची?

दर तोच, मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटीमीटर. पण जमिनीवर आपण शरीराच्या वजनाने दाबतो. ते वजनच नाही. दाबलं की आपणच वर उडतो.

सर्वांत चांगली पद्धत म्हणजे पेशंटला पट्टीच्या पाटावर बांधायचं, दोन्ही हात छातीवर ठेवायचे, शरीर उलटं सरळ करून पाय समोरच्या भिंतीला किंवा छताला टेकवायचे आणि गुडघे ताठ करत पायांनी रेटायचं. ताकद मांडीची लागते, म्हणून दम पुरतो. इथे लेखकाने यानाचा नकाशा तपासावा. समोरची भिंत तीन मीटरवर असेल तर पाच फुटी सिस्टरचे पाय पोचणारच नाहीत. अशा वेळी दुसरी पद्धत : एक पाय पेशंटच्या खांद्यावरून, दुसरा कमरेभोवतून नेऊन पाठीमागे घोटे अडकवायचे आणि त्या पकडीत छाती दाबायची. ही कुठेही करता येते, पण हात लवकर थकतात, दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो.

शॉक देताना पेशंट यानाच्या धातूपासून विजेच्या दृष्टीने वेगळा असला पाहिजे. पाट त्यासाठीच तसा बनवलेला असतो.

रक्त तरंगत गोळे होतात हे खरं का?

अर्धवट खरं. साध्या जखमेतलं रक्त पृष्ठताणामुळे जखमेवरच घुमटासारखं जमून चिकटून राहतं. गॉझ दाबला की शोषलं जातं. धमनी तुटली तर चिळकांडी उडते आणि तिचे थेंब खरोखरच खोलीभर जातात. तेव्हा जखमेभोवती पारदर्शक आवरण आणि जवळ सक्शन हवं. सगळ्यात मोठा धोका रक्ताच्या गुठळ्यांनी हवेची गाळणी तुंबण्याचा असतो, हे कथेत कुणीच लिहीत नाही.

ऑक्सिजन लावला की झालं ना?

नाही. मास्कमधून सुटणारा ऑक्सिजन बंद यानात साठत जातो. प्रमाण वाढलं की आगीचा धोका वाढतो. म्हणून यानावर शंभर टक्के ऑक्सिजन तासन् तास लावून ठेवता येत नाही. यानातल्याच हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र हवं. झोपलेल्या पेशंटजवळ पंखाही हवा. गरम हवा वर जात नसल्याने त्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साठतो आणि सकाळी डोकं ठणकत उठतं.

आमच्या यानात माणसं फिरत्या चक्रात राहतात, त्या फिरण्यामुळे वजन जाणवतं. मग हे सगळं टळतं का?

बरंचसं टळतं, पण नवे प्रश्न येतात. मिनिटाला दोन फेऱ्या आणि पृथ्वीइतकं वजन हवं असेल तर त्रिज्या २२४ मीटर लागते. चार फेऱ्या ठेवल्या तर ५६ मीटर पुरते, पण मग मान वळवली की भोवळ येते. पेशंटची खाट चक्राच्या आसाला (ज्या मधल्या रेषेभोवती ते फिरतं तिला) समांतर ठेवा, कूस बदलताना त्रास कमी होतो.

५६ मीटरच्या चक्रात एक मीटर उंचीवरून बाटली सुटली तर ती सरळ खाली न पडता साधारण १३ सेंटीमीटर बाजूला पडते. नवीन आलेली स्टाफ हमखास चुकीच्या जागी हात घालते. ड्रिप चेंबरमध्ये मात्र थेंब जेमतेम अर्धा मिलीमीटर सरकतो, त्यामुळे इथे थेंब मोजता येतात.

या रचनेचा नर्सिंगला मोठा फायदा आहे. आसाकडे जावं तसं वजन कमी होतं, तीन मीटर वर गेलं की पाच टक्क्यांहून थोडं जास्त. भाजलेला किंवा बेडसोर झालेला पेशंट आसाजवळच्या वॉर्डात ठेवा, अंगावर दाबच येणार नाही. बरा होत चालला की एकेक मजला खाली. मांडीचं हाड मोडलेल्याला चालायला शिकवायचं ते मधल्या मजल्यावर. आमच्या मते नर्सचा हा वॉर्ड जिना कथेत आणावा, त्यात भरपूर नाट्य आहे.

औषधं किती दिवस पुरतात?

अंतराळ स्थानकावरच्या औषधांचा हिशेब पाहिला तर निम्म्याहून अधिक औषधं तीन वर्षांत, म्हणजे मंगळाची एक फेरी पूर्ण होण्याआधीच मुदतबाह्य होतात. चाळीस वर्षांच्या प्रवासात साठा घेऊन जाणं अशक्यच. यानावर औषध तयार करावं लागेल.

सलाईनचं गणित सोपं आहे. एक लिटर नॉर्मल सलाईन म्हणजे एक लिटर शुद्ध, निर्जंतुक पाणी आणि ९ ग्रॅम मीठ. पाणी यानावर असतंच. २०१० साली अंतराळ स्थानकावर पिण्याच्या पाण्यापासून सलाईन बनवून पाहिलं आहे. पाणी गाळणीतून नेऊन, आधीच मोजून मीठ घातलेल्या पिशवीत भरतात. मीठ नीट विरघळून सगळीकडे सारखं पसरायला ढवळणारा चुंबक लागतो, कारण नुसती पिशवी हलवून बुडबुडेच वाढतात. पाण्याचं म्हणाल तर स्थानकावर घाम, लघवी, श्वासातली वाफ मिळून ९८ टक्के पाणी परत मिळवतात. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे मोजलेल्या घरातल्या मुलीला यानावरचा पाण्याचा हिशेब शिकवावा लागणार नाही.

ड्युटी कशी लावावी?

तीन पाळ्या, जमिनीवरच्यासारख्याच. यानाला सूर्योदय नसतो, म्हणून दिवे घड्याळाप्रमाणे मंद करावे लागतात. आणि प्रत्येकाचा रोज दोन तास व्यायाम, नर्सचाही. वजन नसेल तर कंबरेचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजतं आणि सुटलेलं कॅल्शियम मूतखडे करतं. व्यायाम बुडवून डबल ड्युटी करणारी सिस्टर कथेत त्यागी वाटते, प्रत्यक्षात ती पुढच्या वर्षीची पेशंट.

पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला दिला जाणारा हँडओव्हर जरूर लिहा. तो असा वाटला पाहिजे : "बेड दोन, कदम मामा, मूतखडा. रात्रीतून लघवी अकराशे, गाळून पाहिली, खडा नाही पडला. दुखणं दहापैकी चार. पाणी पाजत राहा, नको म्हणतात पण पितात. पंपाचा अलार्म दोनदा वाजला, नळीत हवा होती, गाळणी बदलली. साठ्यात गाळण्या सहाच राहिल्यात, इंडेंट टाकलाय." एवढ्या ओळींत पेशंट, यान आणि टंचाई तिन्ही उभं राहतं.

किरणोत्साराचं काय?

ग्रहांदरम्यानच्या प्रवासात दिवसाला साधारण १.८ मिलिसिव्हर्ट (शरीराला लागलेला किरणोत्सार मोजायचं एकक) मोजले गेले आहेत. नासाची अंतराळवीराच्या पूर्ण कारकिर्दीची मर्यादा ६०० मिलिसिव्हर्ट आहे. म्हणजे हे मोजमाप झालं त्या यानाइतक्याच जाड भिंतीच्या यानात वर्षभरातच ती संपते. तारायानाला पाण्याची किंवा तशीच जाड भिंत दाखवावीच लागेल. सौरवादळात पेशंट हलवायची आतली खोली ठरलेली हवी, आणि व्हेंटिलेटरसह तिथे पोचायची तालीम व्हायला हवी.

नोकरी किती वर्षांची? निवृत्ती कधी?

प्रकाशाच्या दहा टक्के वेगाने प्रॉक्झिमाला ४२ वर्षं लागतात. राज्य सरकारी सेवेत निवृत्ती ५८व्या वर्षी. बाविसाव्या वर्षी रुजू झालेली सिस्टर यान पोचायच्या सहा वर्षं आधी निवृत्त होते. त्यामुळे अशा यानावर नर्सची कारकीर्द तीन टप्प्यांची दाखवा : पहिली दहा-पंधरा वर्षं हाताने काम, मग इन्चार्ज, आणि शेवटची वर्षं यानावर जन्मलेल्या मुलामुलींना नर्सिंग शिकवणं. त्यांनी पृथ्वीवरचा वॉर्ड पाहिलेला नसतो. थंडी वाजणारा मलेरियाचा पेशंट, विंचू चावलेलं लेकरू, सर्पदंश, हे त्यांना पुस्तकातूनच शिकायचं असतं आणि नव्या ग्रहावर काय चावेल ते कुणालाच ठाऊक नसतं. परीक्षा कोण घेणार, नोंदणी कोण देणार, हेही ठरवा. इथे कथेला खरा विषय सापडतो.

नर्सची अशी उदाहरणं कुठे आहेत?

प्रत्यक्षात डी ओहारा. १९५९ साली अमेरिकी हवाई दलाच्या या नर्सची मर्क्युरी या अमेरिकेच्या पहिल्या मानवी अंतराळ मोहिमेच्या अंतराळवीरांसाठी निवड झाली. कल्पनेत 'स्टार ट्रेक' मालिकेतली क्रिस्टीन चॅपल, मेजल बॅरेटने रंगवलेली. मूळ मालिकेत नर्स असलेली चॅपल १९७९च्या चित्रपटात डॉक्टर झालेली दिसते. तिने डॉक्टर होणं हीच बढती का मानली गेली, असा प्रश्न नर्सना पडतो आणि तो रास्त आहे. तुमच्या नायिकेला अधिसेविका करा.

पात्रांनी मराठवाडी बोललं तर चालेल?

चालेल, शोभेलही. पेशंटला नर्स "मावशी, हात ढिला सोडा, लई नाही दुखायचं" असंच म्हणते. कमांडरलाही आजारपणात "काका" म्हणेल. मात्र औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ नेहमी एकाच ठरलेल्या भाषेत आणि समोरच्याने ती पुन्हा म्हणून दाखवायची. मिलीग्राम आणि मायक्रोग्राम यांची गल्लत कुठल्याही बोलीत जीव घेते.

यान मराठवाड्यातून सोडलं तर?

नको. रॉकेटचे रिकामे टप्पे खाली पडतात, त्यासाठी पूर्वेला समुद्र हवा, म्हणून श्रीहरिकोटा. मराठवाड्याला जागा हवी असेल तर हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा मंजूर आहे. तिथल्या नोंदीवरून कथा सुरू करणं पटण्यासारखं होईल.

कथा लिहून झाली. पाठवायची कुठे?

दिवाळी अंकांचे संपादक साधारण उन्हाळ्यातच मजकूर मागवतात. मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेत आली आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी तिथेच टोपणनावाने कथा पाठवली होती आणि पहिलं बक्षीस मिळवलं होतं. पाठवण्याआधी एखाद्या चालू ड्युटीतल्या सिस्टरला कथा वाचायला द्या आणि सलाईनची वाक्यं तिच्याकडून तपासून घ्या.